पिल्लू घरी आणण्यापूर्वी

पुणे शहरात वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, तरी कुत्रा पाळण्याची हौस टिकून आहे. या हौसेबरोबर येणारे कर्तव्य मात्र पुष्कळदा विसरले जाते.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. तोवर त्याने आईजवळच वाढणे हिताचे असते. पिल्लू येण्यापूर्वी शांत कोपरा, जुनी गोधडी व पाण्याचे पसरट भांडे यांची सिद्धता करावी. पहिल्या काही रात्री ते रडते. त्यास न मारता माणसांच्या जवळपास निजवावे. त्याचा आहार एकाएकी बदलू नये.

पिल्लू ३ महिन्यांचे होताच रेबीज प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ती पुन्हा देत राहावे. महानगरपालिकेचा परवानाही काढावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. म्हणून पिल्लाचा चावा वा ओरखडाही क्षुल्लक मानू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

मुले असा चावा घरी लपवतात. तो न लपविण्याची शिकवण शिक्षकांनी वर्गात दिल्यास एखाद्या बालकाचे प्राण वाचतील.