टेबल टिकते कशाने?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सुतारकामावर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आमच्या घरचा लाकूडकामाचा लहानसा कारखाना आहे व त्याची वहीखाती मी लिहितो. त्या वहीत गेल्या वर्षी माझ्या हातून एक तोटा पडला.

आंब्याच्या दोन जाड फळ्या व मध्ये निळे रेझिन, असे टेबल हल्ली लोक मागतात. मी हौसेने ते काम घेतले. आमचे मिस्त्रीकाका कन्नड भाषिक. फळीवर हात ठेवून ते म्हणाले, "इन्नू हसी ऐति." म्हणजे अजून ओली आहे. वरून तर ती कोरडी दिसत होती. मी ऐकले नाही.

एपॉक्सी रेझिन व हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळावे लागतात. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट माल चिकट राहतो. घट्ट होताना हे मिश्रण स्वतःच तापते, म्हणून थर बेताचा हवा. मी सगळे एकदम ओतले. लाकडातली हवा व वाफ वर येऊन बुडबुडे अडकले. दोन महिन्यांनी फळी आटून रेझिनपासून सुटली. गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम परत नेली.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. शिवाय सुकलेले लाकूडही पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन फुगते. म्हणूनच जुने सुतार दाराची फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवतात, तिला सरस लावत नाहीत. बळ असते ते चौकटीच्या खाचेत आणि कुसवात. फर्निचरच्या लाकडात ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा. मोजण्याचे यंत्र नसेल तर फळी दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचे थांबले की ती त्या हवेपुरती सुकली.

आमच्या घरी आजोबांनी केलेले सागवानी टेबल आहे. त्याला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश आहे. लाख (कन्नडात अरगु) हेही रेझिनच, पळस-कुसुमावरच्या किड्यांनी दिलेले. गरम चहाच्या कपाने त्यावर पांढरा डाग पडतो, हा दोष खरा. पण नवा हात फिरवला की खालचा थर विरघळून त्यात मिसळतो. एपॉक्सीला मात्र आधी घासावेच लागते.

आयकराच्या हिशोबात फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. त्या रीतीने १०,००० रुपयांचे टेबल ४० वर्षांनी वहीत १४८ रुपयांचे उरते. आजोबांच्या टेबलावर मी रोज जेवतो.

नव्या टेबलाची फळी माळ्यावर आहे. तिचे खाते मी वहीच्या शेवटच्या पानावर उघडले आहे. मिस्त्रीकाका ते पाहून हसतात. मागच्या रविवारी वजन १५ किलो ४०० ग्रॅम भरले. त्याआधीच्या रविवारी १५ किलो ४५० होते.