पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच नव्हे

चॉकलेटला बुरशी सहजासहजी लागत नाही. कोको, कोको बटर आणि साखर, त्यात पाणी जवळजवळ नसतंच, आणि ओल नसेल तिथे बुरशी धरत नाही. ट्रफलच्या पोटात क्रीमचं गनाश असतं, ते बिघडू शकतं हे खरं. पण ते बिघडलं की आधी आंबूस वास येतो, चव बदलते, आणि फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं गनाश दोन-तीन दिवसांत बिघडत नाही. हे सगळं मी त्या मंगळवारी फोनवर शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. पलीकडे ऐकून घ्यायची तयारीच नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

ऑर्डर सोसायटीतल्या एका काकूंच्या घरच्या साखरपुड्याची होती, रिटर्न गिफ्टची. चार-चार ट्रफलचे 60 डबे. काकूंनी भाव ऐकला तेव्हाच नाक मुरडलं होतं. "ताई, अर्ध्या किमतीत मिळतात हो बाजारात." मिळतात, आणि का मिळतात तेही मी सांगितलं. स्वस्त चॉकलेट बहुतेक वेळा कंपाउंड असतं. त्यात कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं, पाकिटामागे घटकांच्या यादीत बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. मी कोको बटरचं चॉकलेट वापरते. 2024 साली आफ्रिकेतलं पीक पडलं आणि न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून माझ्या कच्च्या मालाचं बिल बघून घरचेही विचारतात, परवडतं का गं तुला? तरीही मी कंपाउंडवर आलेले नाही. काकूंना हे पटलं असावं, कारण निम्मे पैसे त्यांनी लगेच दिले.

मे महिना होता. पुण्यात दुपारी बाहेर पाय ठेववत नाही, पण हॉल एसीचा, घरापासून जवळ, आणि घरात मोठा फ्रीज, असं त्यांनीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः थर्मोकोलच्या पेटीत, बर्फाच्या पॅकसकट डबे नेऊन दिले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती: फ्रीजमध्ये ठेवा, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, उन्हात आणि गाडीत ठेवू नका. तोंडी सांगितलं ते वेगळंच.

मंगळवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. माझा डबा, माझं नाव स्पष्ट दिसतंय, आत राखाडी-पांढरट पडलेले ट्रफल, आणि खाली ओळ: "या ताईंच्या चॉकलेटला बुरशी आली आहे, कुणी खाऊ नका, लहान मुलांना तर देऊच नका." मला फोन नाही, मेसेज नाही. थेट ग्रुपवर. दोनशेच्या वर माणसं आहेत त्या ग्रुपात. पहिल्या दहा मिनिटांत तीन जणींनी नमस्काराचे हात जोडून "बरं झालं सांगितलंत" लिहिलं. त्यातली एक माझ्याकडून दर वाढदिवसाला केक नेते.

शेजारच्या वहिनी साखरपुड्याला गेल्या होत्या. त्यांच्याकडे एक न उघडलेला डबा होता, तो मी मागून आणला आणि टेबलावर दिव्याखाली उघडला. पांढरेपणा होता, नाकारत नाही. पण मी बोट जरा चोळून गरम केलं आणि एका ट्रफलवर हलकेच फिरवलं, तसा तो भाग पुन्हा तपकिरी, तुकतुकीत झाला. बुरशी अशी विरघळत नाही. बुरशी लोकरीसारखी उगवते, बहुतेकदा हिरवट-काळपट असते, कुबट वास मारते. हा ब्लूम होता. चॉकलेट वितळून मनाला येईल तसं पुन्हा थिजलं की कोको बटर पृष्ठभागावर येऊन पांढरं दिसतं. खायला निर्धोक, दिसायला वाईट.

मग मी जवळून पाहिलं आणि मला खरी गोष्ट कळली. ट्रफलवर मी पांढऱ्या चॉकलेटच्या तीन बारीक रेघा ओढल्या होत्या, सरळ, माथ्यावरून. चारही ट्रफलवर त्या रेघा एकाच बाजूला ओघळल्या होत्या. कागदी वाटीच्या तळाला नाही, कडेला चॉकलेटचं थारोळं साचून चिकटलं होतं. डबा आडवा ठेवलेला असताना आतला माल वितळला, याहून वेगळा अर्थ त्याचा निघत नाही. फ्रीजमध्ये कुणी डबे आडवे रचत नाही आणि फ्रीजमध्ये काही वितळत नाही. संध्याकाळी काकूंचा पुतण्या जिन्यात भेटला, मी सहज विचारलं. तो बिचारा सरळ म्हणाला, "ताई, सकाळी दहालाच डिकीत भरले होते सगळे. कार्यक्रम झाल्यावर काढले."

कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तर चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं, आणि म्हणूनच मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याचं पाणी होतं. वनस्पती तेलाचं कंपाउंड कदाचित थोडा जास्त तग धरून राहिलं असतं. म्हणजे मी खरा माल घातला, त्याचीच शिक्षा मला झाली.

मी काकूंना फोन केला. त्या बॅचमधला एक डबा मी माझ्या फ्रीजमध्ये ठेवलेला होता, त्याचा फोटोही पाठवला: त्याच दिवशी केलेले ट्रफल, आरशासारखे चकचकीत. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. फोनवर मात्र आवाज चढला. "आमच्या डिकीला दोष देता? इतकी वर्षं पेढे नेतोय आम्ही, कधी काही झालं नाही." पेढे आणि ट्रफल एक नव्हेत, हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवला गेला. ग्रुपवरचा मेसेज आजही तसाच आहे.

ज्यांना घरून हा उद्योग करायचा आहे, त्यांनी माझं ऐका.

प्रत्येक बॅचचा एक डबा आपल्याकडे ठेवाच. मोठे कारखाने हेच करतात. तो डबा माझ्याकडे नसता, तर मी आज स्वतःवरच शंका घेत बसले असते. माल देताना एक डबा समोर उघडून दाखवा, फोटो काढा, आणि घेणाऱ्याकडून "मिळाले, छान आहेत" एवढं लेखी मागा. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच मागा, कारण ओळखीत आपण संकोच करतो आणि तो संकोच पुढे आपल्याला महाग पडतो. पैसे सगळे आधी घ्यायचे. मी आता निम्म्यावर काम घेत नाही.

टेम्परिंगला थर्मामीटर हवाच, अंदाजाने होत नाही. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांवर वितळवायचं, 27-28 पर्यंत उतरवायचं, मग 31-32 वर आणून त्यात ट्रफल बुडवायचे. कोको बटर सहा प्रकारे थिजू शकतं, त्यातल्या एकाच प्रकारात चकाकी आणि कटकन तुटणारा काप मिळतो, आणि ही सगळी कसरत त्या एका प्रकारासाठी असते. खोली थंड हवी, वीस-बावीस अंश. उन्हाळ्यात एसी नसलेल्या स्वयंपाकघरात हे होणार नाही, उगाच प्रयत्न करून माल वाया घालवू नका. भांड्यात पाण्याचा थेंबही नको, चॉकलेट गोळा होऊन बसतं.

गनाशसाठी डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग, वजनाने. वाटीने मोजू नका. आपल्याकडच्या टेट्रापॅक क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं, त्याने चालतं. कडेला बुडबुडे आले की क्रीम उतरवा, चॉकलेटवर ओता, मिनिटभर हात लावू नका, मग मधून बाहेर असं ढवळा. तेल सुटलं तर घाबरू नका, चमचाभर कोमट दूध घालून ढवळत राहा, जमून येतं. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम आणखी कमी.

बाकी स्वच्छता ठेवा, अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करून घ्या, डब्यावर तारीख लिहा, कच्च्या मालात काटकसर नको. हे कुणीही सांगेल.

मार्च संपला की जूनचा पाऊस सुरू होईपर्यंत मी आता बाहेरच्या कार्यक्रमासाठी ट्रफल देत नाही. ब्राउनी देते, नानकटाई देते. कुणी कितीही आग्रह केला, एसी हॉलची शपथ घातली, तरी नाही.

आणि विकत घेणाऱ्यांना एक विनंती. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. पावसाळी हवेत थंड चॉकलेटवर ओल धरते, साखर विरघळून वर येते आणि तीही पांढरीच दिसते. हात लावला तर खरखरीत लागते आणि ओलं बोट फिरवलं की जाते. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तरीही काही खटकलं, तर डब्यावर नंबर असतो, तिथे फोन करा. मी रात्री अकरालाही उचलते. उरलेले निम्मे पैसे मला मिळालेले नाहीत, ते मी सोडून दिले. पण ग्रुपवर जाहीर बदनामी करण्याआधी एक फोन करायला काकूंना दोन मिनिटं लागली असती.