मोकळ्या जागेचा भावानुभव : जालियनवाला बागेचे उदाहरण

सार्वजनिक मोकळ्या जागांचा अभ्यास करताना क्षेत्रफळ, झाडांची संख्या आणि देखभालीचा खर्च यांचा विचार होतो. मात्र तेथे येणाऱ्या माणसाला काय वाटते, हाही आराखड्याचाच भाग होय. वाटेची रुंदी, भिंतींची उंची, पायाखालची फरशी, उजेड आणि आवाज यांची संवेदना प्रथम शरीराला होते. तिला स्मृतीची जोड मिळाली की भावना आकार घेते.

ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयुक्त ठरतो. जेथून दूरवर पाहता येते आणि जेथे आडोसाही मिळतो, अशी जागा माणसाला सुखावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बागेत मैदानाच्या मधोमध बसण्यापेक्षा कडेच्या झाडाखालचा बाक अनेकांना आवडतो, तो यामुळेच.

अमृतसरची जालियनवाला बाग हे याच्या उलट उदाहरण आहे. अरुंद गल्लीतून आत गेल्यावर मोकळे मैदान लागते. पण सभोवती भिंती असल्याने आडोसा वा सुटकेची वाट जवळपास नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी डायरच्या चिलखती मोटारी या गल्लीतून जाऊ शकल्या नाहीत. सैनिक मात्र पायी शिरले आणि त्यांनी जमावावर गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ३७९ जण मृत्युमुखी पडले; प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक मानली जाते. त्या गल्लीतून चालताना हा इतिहास फलक वाचण्यापूर्वीच अंगाला जाणवत असे.

राष्ट्रीय स्मारकासाठी १९५१ मध्ये कायदा झाला आणि १९६१ मध्ये ज्योतीच्या आकाराच्या स्तंभाचे उद्घाटन झाले. २०२१ मधील नूतनीकरणात गल्लीच्या भिंतींवर शिल्पे आली, तसेच ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची सोय झाली. यामुळे नव्या पिढीला घटना समजणे सुलभ होईल, अशी यामागील भूमिका होती. उलट, गल्लीचा मूळ ओकेबोकेपणा हाच सर्वांत बोलका पुरावा होता आणि तो झाकला गेला, असा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला.

या वादातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. स्मृतिस्थळाचे जतन करताना वास्तूबरोबरच तेथील अनुभवाचेही जतन करावे लागते. माहिती फलकावर देता येते. अरुंद वाटेतील घुसमट एकदा हरवली की ती पुन्हा घडविता येत नाही. म्हणून अशा कोणत्याही आराखड्याचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत : येथे शरीराला काय जाणवते, कोणती स्मृती जागी होते आणि बदलानंतर यांपैकी काय उरते?