बेडशाची रंगसफेदी आणि चुन्याची भट्टी

हॉस्टेलची मंडळी कार्ले-भाज्याला जातात, बेडसे राहूनच जाते. कामशेतहून पवनानगरच्या वाटेवरच्या या लेण्यात पूर्वी भित्तिचित्रे होती. १८६१ च्या सुमारास साहेबांच्या भेटीसाठी रंगसफेदी झाली आणि चित्रांचा गिलावा गेला. रंगसफेदी म्हटली की त्या काळी चुना, आणि चुना म्हणजे अपघटन.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की १०० किलो कॅल्शियम कार्बोनेटमागे ५६ किलो कळीचा चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. विरवलेला चुना भिंतीवर तोच वायू हळूहळू परत घेतो. इंधनाचा धूर सोडला तर सौदा झकास!

साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला हाच चुना लागतो. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीचे अपघटन होतेच. मला खरी खोट तिथे दिसते. भट्टी कोळशाऐवजी विजेवर चालवली तरी ते ४४ किलो निघणारच, कारण ते दगडातून येतात. सिमेंट उद्योगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक असाच निघतो, आणि काँक्रीट त्यातला थोडाच, तोही वर्षानुवर्षांनी, परत शोषते. म्हणून क्लिंकर कमी करून फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळतात.