कमी-जास्त कमाई फॉर्मवर कशी लिहायची?



हिशेबाचा आजचा पाठ एका ताईंच्या प्रश्नातून आला आहे. बैठक संपली, सह्या झाल्या, बायका उठल्या. पण या ताई मागं थांबल्या. त्यांची लेक लग्न करून अमेरिकेला गेली, आता तिकडची नागरिक झाली आहे. ताईंचे मालक वारले, घरात त्या एकट्याच. लेक म्हणते, "आई, तुला कायमची इकडं घेऊन येते." त्यासाठी लेकीला एक फॉर्म भरायचा आहे आणि त्यात एक रकाना आहे : सध्याची वर्षाची कमाई.

लेक एका पार्लरमध्ये खुर्ची भाड्यानं घेऊन भुवया कोरायचं काम करते. दिवाळीत आणि लग्नसराईत उसंत नसते, जानेवारीत दिवसदिवस गिऱ्हाईक नसतं. तिनं आईला फोनवर विचारलं, "आई, यात कुठला आकडा लिहू?" आणि ताईंनी तो प्रश्न आपल्यापुढं ठेवला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला फॉर्म, आपल्याला काय त्याचं? पण थोडा विचार करा. दूध, शेळ्या, शिलाई, भाजी, मजुरी... आपल्यापैकी कितीजणींची कमाई दर महिन्याला सारखी असते? बँकेच्या कर्जाच्या अर्जात हाच रकाना आपल्यालाही अडवतो. म्हणून हा पाठ लेकीसाठीही आहे आणि आपल्यासाठीही.

हा फॉर्म आहे तरी काय?

फॉर्मचं नाव आय-८६४. लेकीनं आईला, नवऱ्यानं बायकोला कायमचं राहायला अमेरिकेत बोलवायचं असेल, तर तो भरावा लागतो. भरणाऱ्याला स्पॉन्सर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जामीनदार. "हे माणूस इथं आलं तर त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी, ते सरकारवर पडणार नाही," असं तो लिहून देतो. नुसतं पाहुणी म्हणून चार महिने जाऊन यायचं असेल, तर हा फॉर्म लागत नाही.

जामीनदाराची ऐपत मोजायला एक माप आहे. अमेरिकेचं सरकार दरवर्षी गरिबीची रेषा जाहीर करतं. जामीनदाराची कमाई त्या रेषेच्या निदान १२५ टक्के हवी. २०२५ साली चार माणसांच्या घरासाठी ही रेषा ३२,१५० डॉलर होती. तिच्या १२५ टक्के म्हणजे ४०,१८७ डॉलर. अलास्का आणि हवाई या दोन राज्यांचे आकडे वेगळे आहेत. फॉर्म भरताना त्या वर्षीचाच तक्ता पाहायचा. त्याचं नाव आय-८६४पी.

चार माणसं कोणती? लेक, जावई, त्यांचं एक मूल आणि येणारी आई. येणाऱ्या माणसालाही मोजायचं, हे पुष्कळजण विसरतात.

आधी म्हशीचा हिशेब

डॉलर बाजूला ठेवू. आपल्या दारातली म्हैस पाहू.

म्हैस नुकती व्यालेली असते तेव्हा घरात दूधच दूध. त्या महिन्याचं डेअरीचं बिल हातात घेऊन कुणी म्हणालं, "याला बारानं गुणा, ही माझी वर्षाची कमाई," तर आपण हसू. भाकड महिन्यांत काय करायचं? पेंड, चारा, डॉक्टर यांचा खर्च कुणी धरायचा?

उलट भाकड महिना धरून "मला काहीच मिळत नाही" म्हणणंही खरं नाही.

म्हणजे खरी कमाई काढायला तीन गोष्टी लागतात. पूर्ण वर्ष धरायचं, खर्च वजा करायचा आणि प्रत्येक आकड्यामागं कागद ठेवायचा. आता याच तीन गोष्टी लेकीच्या धंद्याला लावू. खालचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

पायरी पहिली : बारा महिने मांडा

गेल्या वर्षी लेकीकडं आलेले पैसे, डॉलरमध्ये :

जानेवारी १,९००
फेब्रुवारी २,१००
मार्च २,६००
एप्रिल ३,०००
मे ३,९००
जून ३,६००
जुलै २,९००
ऑगस्ट २,७००
सप्टेंबर २,८००
ऑक्टोबर ४,४००
नोव्हेंबर ३,६००
डिसेंबर २,५००

एकूण ३६,०००. बारानं भागलं तर महिन्याला सरासरी ३,०००.

आता पाहा. ऑक्टोबरचा आकडा धरून बारानं गुणलं तर ५२,८०० होतात. जानेवारीचा धरला तर २२,८००. बाई एक, खुर्ची एक, पण आकड्यांत ३०,००० डॉलरचा फरक! म्हणून एका महिन्यावरून वर्ष कधी ठरवायचं नाही.

पायरी दुसरी : धंद्याचा खर्च वजा करा

गल्ल्यात आलेले सगळे पैसे म्हणजे कमाई नव्हे. लेकीचा खर्च असा :

खुर्चीचं भाडं ६०० प्रमाणे बारा महिने : ७,२००
दोरा, क्रीम, इतर सामान : १,८००
परवाना, विमा, किरकोळ : १,०००
एकूण खर्च : १०,०००

३६,००० मधून १०,००० गेले, उरले २६,०००. ही गेल्या वर्षीची कमाई. तिकडं कराच्या कागदांत धंदेवाल्यांना शेड्यूल सी नावाचं पान भरावं लागतं, त्यातही असाच खर्च वजा होतो. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत.

इथं एक फरक ध्यानात ठेवा. धंद्याचा खर्च वजा करायचा, पण घरखर्च वजा करायचा नाही. घरभाडं, किराणा, मुलाची फी हा घरखर्च. तसंच सरकारला भरलेला आयकरही या रकान्यासाठी वजा करायचा नाही. पगारदार असेल तर कर कापण्याआधीचा पगार धरायचा. बँक खात्यात जमा झालेली कापून आलेली रक्कम लिहिली, तर आपणच आपली कमाई कमी दाखवल्यासारखं होतं.

पायरी तिसरी : चालू वर्षाचा अंदाज

फॉर्म विचारतो "सध्याची" कमाई, म्हणजे या वर्षात किती होईल ते. वर्ष तर अजून संपलेलं नाही. समजा, लेक जुलैच्या सुरुवातीला फॉर्म भरते आहे. या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत तिच्याकडं १८,००० आले. मग दुप्पट करून ३६,००० लिहावेत का?

नाही. दिवाळीचा हंगाम पुढं आहे, पहिल्या सहामाहीसारखी दुसरी नसते. त्यापेक्षा असं करायचं :

या वर्षीचे झालेले सहा महिने : १८,०००
गेल्या वर्षीचे जुलै ते डिसेंबर : १८,९००
दोन्ही मिळून : ३६,९००

यंदा खुर्चीचं भाडं ६५० झालं, म्हणजे वर्षाचे ७,८००. सामान आणि इतर खर्च तेवढाच धरला, तर एकूण खर्च १०,६००. बाकी उरली २६,३००. हा तिचा यंदाचा अंदाज. झालेले महिने खरे घेतले, राहिलेले महिने मागच्या अनुभवावरून घेतले. "यंदा गिऱ्हाईक वाढेल असं वाटतं" म्हणून मनानं काही मिळवलं नाही. वाढ धरायचीच असेल, तर तिच्यामागं लेखी कारण हवं.

कमी पडलं तर?

लेकीची कमाई २६,३००, माप ४०,१८७. म्हणजे १३,८८७ डॉलर कमी. म्हणून हात टेकायचे का? किंवा आकडा फुगवायचा का? दोन्ही नको. वाट त्या फॉर्ममध्येच आहे.

एकाच घरात राहणारा नवरा आपली कमाई जोडू शकतो. त्यासाठी आय-८६४ए हा वेगळा फॉर्म असतो आणि त्यावर त्याचीही सही लागते. समजा, जावई गोदामात तासावर काम करतात. तासाला १८ डॉलर, आठवड्याला नेहमीचे ३६ तास, वर्षाचे ५० आठवडे. होतात ३२,४००. डिसेंबरात जादा तास मिळतात, पण त्यांची खात्री नाही म्हणून धरले नाहीत. दोघांचे मिळून ५८,७००. माप सहज ओलांडलं.

नवऱ्याची कमाई नसेल तर दुसरा कुणी जोड जामीनदार होऊ शकतो. तो अमेरिकेचा नागरिक किंवा तिथं कायम राहण्याचा परवाना असलेला हवा, अठरा वर्षांच्या वरचा आणि तिथंच राहणारा हवा. तो नात्यातलाच असावा असं बंधन नाही. मात्र तो स्वतःच्या कमाईवर माप पूर्ण करणारा लागतो.

तिसरी वाट म्हणजे साठवलेले पैसे आणि मालमत्ता. आईला बोलवताना, जितकी रक्कम कमी पडते तिच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते आणि ती वर्षाच्या आत रोख करता येईल अशी हवी. म्हणून ताईंना आम्ही एक गोष्ट निक्षून सांगितली : लेकीचा फॉर्म अडलाय म्हणून इथली जमीन घाईनं विकायला काढू नका. आधी जावयाची कमाई आणि जोड जामीनदार या दोन वाटा पाहा.

दोन तोंडांचा आकडा नको

मैत्रिणींनो, इथं थोडं स्पष्ट बोलू. आपल्याकडं एक सवय आहे. उत्पन्नाचा दाखला काढायचा असला की कमाई कमी सांगायची, कर्ज हवं असलं की जास्त सांगायची. दोन कागद, दोन आकडे.

ती सवय या फॉर्मवर चालत नाही. जामीनदार खरं लिहिल्याची शपथ घेऊन सही करतो. सोबत निदान शेवटच्या वर्षाचे कराचे कागद लावावे लागतात. कर वाचवायला तिथं कमाई कमी दाखवली असेल, तर इथं जास्त लिहून उपयोग नाही. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो. करात न दाखवलेली रोख कमाई इथं आधाराला उभी राहत नाही. आकडा जुळला नाही तर आणखी कागद मागतात, जोड जामीनदार मागतात, महिने लांबतात. खोटं उघडं पडलं तर प्रकरण त्याहून मोठं.

म्हणून लेकीनं फॉर्मसोबत एक साधं पान जोडावं. बारा महिन्यांची जमा, खर्च, अंदाज कसा काढला ते चार ओळींत. त्याला बँकेचे उतारे आणि पावत्या जोडाव्यात. जावयाच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि मालकाचं पत्र लावावं. आकडा लहान असला तरी चालेल, पण विचारल्यावर तो कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

आणि एजंटपासून सावध राहा. हा फॉर्म सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. "आकडा मी बसवून देतो" असं जो म्हणेल, त्याच्याकडून भरूनच घेऊ नका. सही लेकीची आहे, जबाबदारी तिच्यावर येणार आहे. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर तिकडच्या परवानाधारक वकिलाला विचारावं.

ही सही किती दिवसांची?

गटात आपण एकमेकींची हमी घेतो, तेव्हा कर्ज फिटलं की हमी सुटते. या फॉर्मची हमी खूप लांब चालते. बोलावलेलं माणूस तिकडचं नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत, किंवा ते कायमचं देश सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ती राहते.

ज्यांच्या लेकीला जावई बोलावून घेतोय, त्यांनी हे जास्त नीट वाचा. घटस्फोट झाला तरी नवऱ्यानं दिलेली ही हमी संपत नाही. पाठवायच्या आधी लेकीला हे सांगा आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत तिच्याजवळ राहील असं पाहा. अडचणीच्या दिवशी तो कागद तिच्या कामी येऊ शकतो.

आपल्या ताईंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मला बोलवायला लेक एवढं अंगावर घेतेय." हो ताई. म्हणूनच तिला आकडा नीट लिहू द्या, घाई करू नका. आणि जायचं ठरलंच तर गटातलं कर्ज, बचत आणि बँकेतली तुमची सही यांचा निकाल आधी लावा. मागं राहणाऱ्या मैत्रिणींना त्रास नको.

पुढच्या बैठकीत करून पाहा

१. प्रत्येकीनं वहीत बारा महिन्यांच्या बारा ओळी आखा. आपल्या एका धंद्याची जमा लिहा. आठवत नसेल तिथं डेअरीचं बिल, पासबुक, दुकानाची वही पाहा.

२. शेजारी धंद्याचा खर्च लिहा. घरखर्च त्यात मिसळू नका.

३. सर्वांत चांगला महिना गुणिले बारा, सर्वांत वाईट महिना गुणिले बारा आणि खरी बेरीज हे तीन आकडे शेजारी लिहा. फरक मोठ्यानं वाचून दाखवा.

४. चालू वर्षाचे झालेले महिने आणि गेल्या वर्षीचे राहिलेले महिने जोडून यंदाचा अंदाज काढा.

५. शेजारणीनं विचारावं, "हा आकडा कुठून आला?" ज्या आकड्याला कागद नाही, त्यावर खूण करा. पुढच्या महिन्यापासून त्याची पावती जपायची.

पाच जणींनी जरी हे केलं, तरी पुढच्या कर्जाच्या अर्जात कमाईचा रकाना भरताना दुसऱ्याचं तोंड बघावं लागणार नाही.