साध्या राहणीची मंडळी

वाचनभाग : मत्तय ५:३३–४८, योहान १३:१–१७

सुरगाण्याहून डांगांत जाणाऱ्या वाचकांस आहवा हें गांव ठाऊक आहे. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्या ब्रदरन मिशनाचें काम सुरू झालें, त्याचें मूळ जर्मनींत आहे. १७०८ सालीं श्वार्झेनाउ गांवीं अलेक्झांडर माक व त्याचे सोबती अशा आठ जणांनीं एडर नदींत बाप्तिस्मा घेतला. पुढें ही मंडळी अमेरिकेंत गेली व तेथून १८९४ सालीं तिचे पहिले मिशनरी हिंदुस्थानास आले. हे लोक शपथ घेत नसत, हत्यार धरीत नसत, प्रीतिभोजनाच्या वेळीं एकमेकांचे पाय धूत. त्यांचा पोशाखही त्या काळीं अगदीं साधा असे.

अशाच राहणीची, पण फार कडक अशी दुसरी मंडळी म्हणजे आमिश. याकोब आम्मान ह्याच्या पुढारीपणाखालीं १६९३ सालीं ती मेनोनाइट मंडळींतून निराळी झाली. आज अमेरिकेंत तिचे साडेतीन लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांच्या वस्तींत पाहुणा गेला, तर त्यास घोड्याची गाडी दिसेल. घरांत विजेची तार दिसणार नाहीं. बहुतेकांस उपासनामंदिरही नसतें. एक आड एक रविवारीं ते आळीपाळीनें एकमेकांच्या घरीं जमतात. म्हणून एका मंडळींत सुमारें वीस ते चाळीस कुटुंबेंच असतात. पाळकास पगार नाहीं. सभासद नांवें सुचवितात, तितकीं गीतपुस्तकें मांडतात. ज्याच्या पुस्तकांत चिठ्ठी निघेल तो पाळक. आपला कामधंदा सांभाळूनच त्यानें ही सेवा करावयाची.

हे लोक यंत्रास पाप मानतात असें कित्येकांस वाटतें. तसें नव्हे. टेलिफोन पुष्कळ ठिकाणीं घरांत न ठेवतां रस्त्याकडेच्या खोपटांत ठेवितात. घरांत आला, तर शेजाऱ्याकडे पायीं जाणें सुटेल, ही भीति. नवी वस्तु घ्यावी कीं नाहीं हें एकटा माणूस ठरवीत नाहीं. वर्षांतून दोनदां, प्रभुभोजनापूर्वीं, मंडळी आपल्या नियमांविषयीं एकमत पाहते. कोणाचें कोठार जळालें, तर शेंकडों माणसें येऊन तें पुन्हा उभारतात. आवणीच्या दिवसांत सावड करणाऱ्या आपल्या लोकांस हें नवल नाहीं.

२ ऑक्टोबर २००६ रोजीं पेनसिल्व्हानियांत निकेल माइन्स येथील शाळेंत एका मनुष्यानें पांच आमिश मुलींस ठार केलें व स्वतःसही मारिलें. त्याच दिवशीं कांहीं आमिश त्याच्या घरच्यांस भेटावयास गेले. पुढें त्याच्या प्रेतक्रियेसही पुष्कळ जण हजर राहिले. येथें मत्तयाचा भाग पुन्हा वाचावा.

तरी त्यांचें सर्वच घेण्याजोगें नाहीं. त्यांचीं मुलें बहुधा आठवीपुढें शिकत नाहींत. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तशी मोकळीक दिली. आमच्या लोकांस अक्षरें फार उशिरां मिळालीं, म्हणून मला हें पटत नाहीं. बाप्तिस्म्यानंतर मंडळी सोडणाऱ्यास पंक्तीस न घेणें हेंही जड वाटतें. बहिष्कार म्हणजे काय हें आमच्या वाडवडिलांनीं सोसलें आहे.

शिक्षकांनीं वर्गापुढें एक प्रश्न ठेवावा : भात-नागली निघाल्यावर आपलीं कित्येक कुटुंबें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. त्या महिन्यांत त्यांच्या भेटीस कोणी व किती वेळां जावें? उत्तर नांवांनिशीं लिहून घ्यावें.