छकुलीची लाज

चि. सौ. बेबीस,


छकुली आजीला सांगते, ‘शाळेच्या गेटवर अहिराणीत हाक मारू नको, मैत्रिणी हसतात.’ तू फोनवर हे रडत सांगितलंस. तिला रागावू नकोस, बेटा. दिवाळीत सुरतला, तुमच्या पांडेसऱ्याला आलो होतो तेव्हा किराणा दुकानात तुझ्या आईचा, अक्काचा फोन आला. तू आवाज बारीक केलास आणि हिंदीत दोन शब्द बोलून फोन ठेवलास. छकुली पिशवी धरून तुझ्या तोंडाकडे बघत होती. पोर तिथेच शिकली. आता चारचौघांत अक्काशी मोकळ्या आवाजात बोल, ‘काय करी राहिनी व माय?’ म्हण. सुरुवातीला जड जाईल, तरी बोल.

‘आपली भाषा थोर’ असली भाषणं मात्र छकुलीला देऊ नकोस. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींबद्दल सांग. त्यांची लेवा बोली आपल्या अहिराणीच्या शेजारचीच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी कविता टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली, बाई गेल्यावर, पुस्तक निघालं. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

गुजरातीत मात्र छकुलीला कच्ची राहू देऊ नकोस. गुजरातच्या 2023च्या कायद्याने पहिली ते आठवी तो विषय सक्तीचा आहेच, पण जिथे वाढायचं तिथल्या लोकांशी नीट बोलता आलं की पोर आपसूक ताठ उभी राहते.

आणखी एक. बाबा काय करतात विचारलं तर ती नुसतं ‘कंपनीत आहेत’ म्हणते. जावईबापू डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहेत! त्यांना एका रविवारी कापडाचे तुकडे घेऊन बसू दे. पॉलिएस्टरला रंग धरायला जेट मशीनमध्ये 130 अंशांपर्यंत तापवावं लागतं, शेड जरा हलली तर अख्खा लॉट परत येतो, हे तिने बाबांच्या तोंडून ऐकावं. दोन पिवळे तुकडे समोर ठेवून फरक ओळखायला लावा. तिची नजर तेज आहे.

श्रावणात घरी कानबाई देवी बसेल. आपल्याकडे नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात. मला ते कधीच पटलं नाही. यंदा छकुलीच्याही नावाचं माप घाल आणि ते तिच्याच हाताने घाल. अक्का कुरकुरली तर मामाने सांगितलंय म्हण.



तुझा,
मामा